पुण्याहून आलेला लॅपटॉप, सोलापूरचं ऊन आणि नव्यानं शिकणारे आपण

सोलापुरात बऱ्याच घरांत पहिला लॅपटॉप दुकानातून येतच नाही. पोरगा किंवा पोरगी पुण्यात नोकरीला लागते, स्वतःसाठी नवा घेते आणि जुना सुट्टीत घरी आणून ठेवते. "बाबा, आता तुम्ही वापरा," एवढं सांगून हुतात्मा एक्सप्रेस पकडून पोरं परत जातात. टॅबचंही तेच. नातवाच्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला टॅब वर्ग संपल्यावर आजीच्या कीर्तनांसाठी कामाला येतो. यंत्र घरात येतं, ते शिकवणारं माणूस मात्र घरात नसतं.

"आवो, बटन दाबू का नको? बिघडलं म्हंजे?" हा पहिला प्रश्न असतो. बटन दाबून लॅपटॉप बिघडत नाही, बिनधास्त दाबा. आणि बिघडलाच तर नवी पेठेत दुरुस्त करून मिळतो. पण खात्याचा पासवर्ड हरवला आणि फोटोंची दुसरी प्रत कुठंच नसली, तर कितीही हुशार कारागीर हात टेकतो. क्लासमध्ये शिकवताना की-बोर्डच्या शॉर्टकटपासून सुरुवात करतात, मी ते शेवटाकडं ठेवलंय. आधी जे गेलं तर परत येत नाही, त्याची सोय करू.

आधी एक वही काढा

दोनशे पानी नको, साधी छोटी वही पुरे. ती कपाटात, रेशन कार्डाच्या फाईलशेजारी राहील. पासवर्ड कागदावर लिहू नका असं सगळीकडं सांगतात. ऑफिसच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांसाठी ते बरोबर आहे. घरच्या कपाटातल्या वहीला ऑनलाइन चोर पोचत नाही, आणि साठीच्या माणसानं सगळं डोक्यात ठेवावं ही अपेक्षाच चुकीची. एक मात्र पाळा: बँकेचा पिन आणि यूपीआयचा पिन या वहीत लिहायचा नाही.

वहीत काय लिहायचं? लॅपटॉपवर विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचं खातं कुठल्या ईमेलवर आहे आणि त्याचा पासवर्ड काय. टॅब अँड्रॉइडचा असेल तर गूगलचं खातं, आयपॅड असेल तर ॲपलचं. प्रत्येकाला कुठला मोबाइल नंबर जोडलाय तेही लिहा. पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो नंबर बंद पडलेल्या जुन्या सिमचा निघाला की माणूस अडकतो. लॅपटॉप सुरू करताना आपण टाकतो तो चार-सहा आकडी पिन आणि खात्याचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता चालतो, पासवर्ड जगात कुठूनही चालतो. वहीत दोन्ही हवेत.

नवं यंत्र घेतलं की काही दुकानदार "मी सगळं सेट करून देतो" म्हणून स्वतःचाच ईमेल टाकून मोकळे होतात. गर्दीत त्यांचीही सोय होते, पण पुढं सहा महिन्यांनी यंत्र तो ईमेल मागतं तेव्हा दुकानदाराला काही आठवत नाही. त्यामुळं खातं तुमच्यासमोर, तुमच्या नंबरवर उघडून घ्या. दहा मिनिटं जास्त लागतील, बसा की.

मुलाचा जुना लॅपटॉप किंवा टॅब असेल तर उलटं काम करायचं: त्याच्याकडून त्याचं खातं काढून घ्यायचं. अँड्रॉइड टॅब नुसता फॉरमॅट मारला, म्हणजे आतलं सगळं पुसलं, तरी सुरू होताना आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोरी रोखायला ही सोय केलेली आहे. आयपॅडलाही तसंच कुलूप असतं. सेकंडहँड घेताना तर हे आधी तपासा. समोर बसून, जुन्या मालकाला त्याचं खातं काढायला लावून, यंत्र रीसेट करून नव्यानं सुरू झालेलं बघून मगच पैसे द्या.

आता एक गोष्ट, जी फार कमी जण सांगतात. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. रोजच्या वापरात ते जाणवतही नाही. पण दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला किंवा आतल्या काही सेटिंग बदलल्या की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ती बिटलॉकर रिकव्हरी की. ती मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात जपून ठेवलेली असते, पण खातंच माहीत नसेल तर आतले फोटो, हिशोब सगळं तिथंच बंद. आज शांत डोक्यानं खात्यात जाऊन ते ४८ आकडे वहीत उतरवा. मुलगा फोनवर सांगेल कुठं आहे ते.

वही हातात आहेच तर यंत्राची कुंडलीही लिहून ठेवा. सेटिंग्ज, सिस्टम, अबाऊट असं गेलं की प्रोसेसर (यंत्राचा मेंदू), रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) आणि विंडोजची आवृत्ती दिसते. तिथं विंडोज १० दिसलं तर लक्षात घ्या: त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. यंत्र चालत राहील, पण त्यावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप तुमचा लॅपटॉप बसतो की नाही ते एका बटनात सांगतं.

ऊन, धूळ आणि वीज

लॅपटॉपबरोबर येणारी माहितीपत्रकं सोलापूर डोळ्यापुढं ठेवून लिहिलेली नसतात. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं ॲपल म्हणतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी किती होत असेल ते बसणाऱ्यालाच माहीत. लिथियम बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. एकदा कमी झालेली बॅटरीची ताकद परत भरून येत नाही.

म्हणून उन्हाळ्यात जड कामं सकाळी किंवा रात्री करा. दुपारी उभ्या गाडीत टॅब ठेवून सात रस्त्याला खरेदीला जाऊ नका. चार्जिंगला लावलेल्या टॅबचं जाड कव्हर काढा, आणि चार्जिंग चालू असताना पोरांना गेम खेळू देऊ नका, कारण तेव्हा दोन बाजूंनी गरम होतं. टॅब तापून आपोआप बंद पडला तर सावलीत, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका! असं करणारी माणसं आहेत. गार यंत्र बाहेर काढलं की आत दव धरतं आणि ते पाणी सर्किटवर बसतं. कूलरचंही तसंच. कूलरच्या अगदी तोंडाशी लॅपटॉप नको, ती हवा ओली असते. थोडं बाजूला बसा.

लॅपटॉपला श्वास घ्यायला खाली किंवा कडेला जाळ्या असतात. आपण मस्त लोळत, अंथरुणावर सोलापुरी चादर टाकून त्यावर लॅपटॉप ठेवतो, आणि पंखा घरघरायला लागला की म्हणतो, "लई गरम व्हायलंय ओ." जाड चादर खालची जाळी पूर्ण बुजवते. खाली एक कडक पाट, ट्रे किंवा मोठं पुस्तक ठेवलं तरी फरक पडतो. पूर्व भागात, जिथं घरातच किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, तिथं आणखी एक भानगड: सुताचं बारीक तूस हवेत सतत उडत असतं आणि लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन नमद्यासारखं बसतं. अशा घरात वर्षातून एकदा मागचं झाकण उघडून साफ करून घ्यावं. इतरांनी पंख्याचा आवाज वाढला की करावं. घरी व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. काम झालं की झाकण मिटून, वर पातळ कापड टाका, पण चालू असताना नाही.

पडदा पुसायला चष्म्याचं मऊ कापड. डाग असेल तर कापड किंचित ओलं करा, पाणी पडद्यावर शिंपडू नका. काचा पुसायचं फवाऱ्याचं औषध पडद्याचा थर खराब करतं.

विजेचं सांगायचं तर लॅपटॉपवाल्याला वीज जाण्याची फारशी भीती नाही, बॅटरी आहे. भीती वीज परत येते त्या क्षणाची, तेव्हा दाब उसळतो. चांगला स्पाइक गार्ड (उसळलेला दाब अडवणारा बोर्ड) वापरा, आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की चार्जरची पिन सरळ उपटून ठेवा. जुन्या वाड्यांत, जुन्या चाळींत आणखी एक अनुभव येतो: चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. बहुतेक वेळा लॅपटॉप खराब नसतो, बोर्डाला अर्थिंग नसतं. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत कोंबला तरी हेच होतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, यंत्रापेक्षा माणसासाठी.

दिवसभर चार्जर लावूनच वापरणाऱ्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग शोधावी. लेनोवो, असूस यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये ती असते, सॅमसंगच्या टॅबवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये. बॅटरी शून्यावर नेऊन मग पूर्ण भरायची, ही जुन्या काळातल्या वेगळ्या बॅटऱ्यांची सवय आता उपयोगाची नाही. टचपॅड वर उचललेला दिसला, तळ फुगलेला वाटला, टॅबची काच कडेनं सुटली, तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी बंद करा, चार्ज करू नका, दाबू-टोचू नका, दुरुस्तीला द्या.

अडकला की काय करायचं

नव्यानं शिकणाऱ्याला हे आठवड्यातून एकदा तरी होतं. पडदा गोठतो, बाण हलत नाही. आधी थोडं थांबा, पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. ज्याच्यापुढं 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिलंय ते निवडून 'एंड टास्क' करा. त्या ॲपमधलं सेव्ह न केलेलं काम जाईल, बाकी वाचेल. तेही उघडेना झालं तर पॉवरचं बटन दहाएक सेकंद दाबून धरा. यंत्र बंद होईल, मिनिटभरानं परत सुरू करा. सॅमसंगसारख्या अँड्रॉइड टॅबवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटन एकत्र धरून ठेवायचं.

पडद्यावर अपडेटची टक्केवारी फिरत असेल तेव्हा मात्र हे करायचं नाही. ती प्रक्रिया मध्येच तोडली तर विंडोज पुन्हा उभं राहायला त्रास देतं. अपडेट रात्री जेवायच्या वेळेला लावा, चार्जर जोडून.

आणि हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं: विंडोजमध्ये 'शट डाऊन' केलं म्हणजे यंत्र ताजंतवानं होतं असं नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज शट डाऊनच्या वेळी स्वतःची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढं जातं. कालचा घोळही त्यातच येतो. 'रीस्टार्ट' केलं तरच सगळं कोऱ्या पाटीवर सुरू होतं. प्रिंटर दिसत नाही, आवाज येत नाही, वायफाय जोडलं जात नाही, अशा तक्रारींत मुलाला पुण्याला फोन लावायच्या आधी एकदा रीस्टार्ट करा. निम्मे फोन वाचतील, आणि मुलगाही पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

फाईल कुठं गेली?

"सर, कालच उतरवली, आज दिसंना झालीय." फाईल बहुतेक वेळा जागेवरच असते, आपण तिला नाव न देता आणि जागा न बघता सेव्ह केलेलं असतं. इंटरनेटवरून उतरवलेलं सगळं 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये पडतं. विंडोजचं बटन आणि ई दाबलं की फाईल एक्सप्लोरर उघडतो, डाव्या बाजूला डाउनलोड्स दिसतं. टॅबवर 'फाइल्स' किंवा 'माय फाइल्स' नावाचं ॲप असतं, तिथंही तेच नाव.

आठवड्यातून एकदा तिथं जाऊन कामाच्या फाईलना नाव द्या. फाईल निवडून एफ२ दाबलं की नाव बदलता येतं. 'डॉक्युमेंट १ फायनल नवीन' हे नाव नव्हे. 'वीजबिल मार्च २०२६', 'सातबारा मोहोळ', 'जीएसटी एप्रिल' अशी नावं द्या. स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांवर चिठ्ठी लावणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही, घरातल्या पुरुषांना लागतं.

चुकून डिलीट झालं तर लगेच कंट्रोल आणि झेड. फाईल परत येते. थोडा वेळ गेला असेल तर डेस्कटॉपवरच्या रीसायकल बिनमध्ये बघा. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र रीसायकल बिनमध्ये येत नाही, आणि शिफ्ट धरून डिलीट केलेलीही नाही. पेन ड्राइव्ह कागदपत्रं इकडून तिकडं न्यायला ठीक आहे, लग्नाचे एकमेव फोटो ठेवायची ती जागा नाही.

दुसरी प्रत कुठं ठेवायची? गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी. इथं नव्या विंडोज लॅपटॉपवाल्यांचा हमखास गोंधळ होतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही तीनही फोल्डर वनड्राइव्हला जोडली जातात. पोरांनी चार व्हिडिओ टाकले की ५ जीबी भरतात आणि 'जागा संपली, पैसे भरा' असा निरोप रोज यायला लागतो. लॅपटॉपची जागा संपलेली नसते, वनड्राइव्हची संपलेली असते. खाली उजवीकडच्या निळ्या ढगावर क्लिक करून सेटिंगमध्ये कुठली फोल्डर जोडायची ते ठरवा. कागदपत्रांचं एकच फोल्डर ठेवलं तर ५ जीबी भरपूर होतात. मोठे व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

आणखी एक. गूगलचं खातं दोन वर्षं अजिबात उघडलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. आजोबांच्या जुन्या खात्यात घरचे फोटो असतील तर अधूनमधून त्यात लॉगिन करत राहा.

मराठीत लिहायचं

इंग्रजी की-बोर्ड बघून लोक बिचकतात, पण लॅपटॉपवर मराठी टायपिंगला आता काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जा आणि मराठी जोडा. मग मराठीपुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून भाषेच्या पर्यायांत 'मराठी फोनेटिक' की-बोर्ड निवडा. २०१९ पासून तो विंडोजमध्येच येतो. विंडोजचं बटन आणि स्पेस दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर जाता येतं. इंग्रजी अक्षरांत उच्चारासारखं लिहिलं की मराठी शब्द उमटतो. आपल्या गावात घरात तेलुगू, कन्नड बोलणारीही पुष्कळ आहेत. त्या भाषांचे फोनेटिक की-बोर्डही याच रस्त्यानं मिळतात.

सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल त्यांनी परीक्षेला कुठला की-बोर्ड चालतो ते आधी बघावं, आणि तिथं इनस्क्रिप्ट चालत असेल तर फोनेटिकच्या नादी न लागता तेच शिकावं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला अशी ती मांडणी आहे आणि एकदा बोटांत बसली की वेग खूप वाढतो.

टॅबवर जीबोर्डमध्ये (गूगलच्या की-बोर्डमध्ये) मराठी जोडून माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. आजी-आजोबांसाठी याहून सोपं काही नाही. लॅपटॉपवर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडलं तर तिथंही टूल्समध्ये बोलून लिहायची सोय आहे, मराठी चालतं. स्वल्पविराम, पूर्णविराम नंतर हातानं घालावे लागतात.

डीटीपीवाल्याकडून आलेली पत्रिका किंवा एखाद्या संस्थेचं जुनं पत्र उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, तेव्हा फाईल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चेहरा देवनागरीचा लावलेला असतो. तो फॉन्ट तुमच्याकडं नसला की मूळ रूप दिसतं. पाठवणाऱ्याला सांगा, पीडीएफ करून पाठवा किंवा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, द्या.

अर्ज भरताना: फोटो, सही आणि पीडीएफ

खरं सांगायचं तर घरात लॅपटॉप असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. शिष्यवृत्ती, भरती, प्रवेश, सगळे अर्ज ऑनलाइन झाले आणि पोरं फोटो लहान करायला नेट कॅफेत पैसे देतात. घरी पाच मिनिटांचं काम आहे. समजा अर्जात लिहिलंय, फोटो २०० बाय २३० पिक्सेल, ५० केबीच्या आत.

१. फोटो मोबाइलवरून लॅपटॉपवर घ्या. व्हॉट्सॲपनं पाठवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतं.

२. फोटोवर उजवं क्लिक करून 'ओपन विथ'मधून पेंट निवडा. आधी फालतू कडा कापा: 'सिलेक्ट' घेऊन चेहरा आणि खांदे येतील एवढा उभा चौकोन आखा आणि 'क्रॉप' दाबा. ही पायरी गाळली की चेहरा पुढं चपटा होतो.

३. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा. आकार बदलायची खिडकी उघडेल. 'पिक्सेल्स' निवडा, आडवा आकडा २०० टाका. उभा आकडा आपोआप २३० च्या जवळ आला म्हणजे कापलेलं बरोबर होतं. फार लांब असेल तर मागं जाऊन पुन्हा कापा.

४. फाईल, सेव्ह ॲज, जेपेग. नवं नाव द्या, मूळ फोटोवर सेव्ह करू नका.

५. पेंटच्या तळाच्या पट्टीत साइज केबीमध्ये दिसतो. मर्यादेत असेल तर झालं.

काही अर्जांना किमान मर्यादाही असते, '२० ते ५० केबी' अशी. त्यामुळं फार लहान करूनही चालत नाही. सहीसाठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर, जाहिरातीत सांगितलेल्या शाईनं सही करा, खिडकीपाशी उजेडात स्वतःची सावली न पाडता फोटो घ्या आणि वरच्याच पायऱ्या करा.

कागदपत्रांची पीडीएफ हवी असेल तर टॅब जास्त सोयीचा. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्यानं कागद स्कॅन होऊन थेट पीडीएफ बनते, चार पानं एकाच फाईलमध्ये घेता येतात. आयपॅडवर नोट्स ॲपमध्ये हीच सोय आहे. लॅपटॉपवर उघडलेल्या कुठल्याही पानाची पीडीएफ करायला कंट्रोल आणि पी दाबून प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. अर्ज भरून झाल्यावर पावतीची पीडीएफ लगेच करून ठेवा. शेवटच्या दिवशी साइट अडते तेव्हा हाच पुरावा असतो.

प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाल तेव्हा तिथल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडू नका. उघडावंच लागलं तर निघताना मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन लॉग आऊट करा. आधारची प्रत जिथं पूर्ण नंबरची गरज नाही तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या वेबसाइटवरून ती मोफत उतरवता येते.

घाबरवणारे निरोप

पडद्याच्या कोपऱ्यात सतत 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला' असं येतंय? बहुतेक घरांत तो व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या वेबसाइटनं 'सूचना पाठवू का?' विचारलं आणि आपण 'अलाऊ' दाबलं, ती साइट आता जाहिराती टाकतेय. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. अनोळखी नावं काढून टाका. त्या दिवसापासून शांतता. विंडोजमध्ये स्वतःचं अँटिव्हायरस असतंच, अशा निरोपातून काही विकत घ्यायचं नाही.

टॅबवरचा धोका वेगळा आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहतुकीचं चलान येतं, बँकेची केवायसी येते, आणि फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका कधीच एपीके नसते. ते ॲप असतं आणि ते बसवलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याकडं जातात. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका, त्याचाच फोन आधी हॅक झालेला असू शकतो.

फोनवर कोणी 'मी मदत करतो, हे ॲप टाका' म्हणून स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवून द्या. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही, समोर पोलिसाची वर्दी दिसली तरी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

टॅब आणि पोरं

यावर लिहावं तेवढं थोडं, पण दोन गोष्टींनी बरंच भागतं. गूगलचं 'फॅमिली लिंक' मोफत आहे. मुलाच्या टॅबला रोज किती वेळ, कुठली ॲप, रात्री कधी बंद, हे तुमच्या मोबाइलवरून ठरवता येतं. लहानग्याच्या हातात पाच मिनिटं टॅब द्यायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग', आयपॅडमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' लावा. मग ते पोर त्या एका ॲपमधून बाहेर पडून तुमच्या फोटोंत किंवा पैशांच्या ॲपमध्ये जाऊ शकत नाही.

आता शॉर्टकट

वीस-पंचवीस पाठ करायची गरज नाही. विंडोज आणि एल: पडदा कुलूपबंद, दारावर कोणी आलं की दाबा. विंडोज, शिफ्ट आणि एस: पडद्याच्या हव्या त्या भागाचा फोटो. कंट्रोल आणि अधिक चिन्ह: अक्षरं मोठी, चष्मा सापडत नसेल तेव्हा. कंट्रोल, शिफ्ट आणि टी: चुकून बंद केलेलं पान परत. कंट्रोल आणि एफ: मोठ्या यादीत आपलं नाव शोधायला, निकालाच्या दिवशी विशेष. कंट्रोल आणि एस तर बोटालाच लागायला हवं. बाकीचे गल्लीतलं एमएस-सीआयटी झालेलं पोरगं शिकवेल.

दुरुस्तीला देताना

जुना लॅपटॉप फार हळू झाला असेल तर नवा घ्यायच्या आधी आत फिरती हार्ड डिस्क आहे का ते विचारा. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली की बहुतेक जुने लॅपटॉप ओळखू येणार नाहीत इतके पळतात, आणि खर्च नव्याच्या मानानं खूपच कमी. रॅम वाढवता येईल का तेही विचारा; पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डकवलेली असते, तिथं वाढवता येत नाही.

देण्यापूर्वी कामाच्या फाईलची प्रत काढा आणि ब्राउझरमधून लॉग आऊट करा. दुकानदार पासवर्ड मागेल तेव्हा पिन द्या, खात्याचा पासवर्ड देऊ नका, आणि लॅपटॉप परत आला की पिन बदला. डिस्क फॉरमॅट करावी लागणार असेल तर आधी फोन करा, असं तोंडी नाही, पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. पावतीवर लॅपटॉपचा सिरियल नंबर, रॅम आणि डिस्क किती आहे हे लिहून घ्यायचं, चार्जर दिलाय की नाही तेही.